पाय, सायकल आणि प्रतिष्ठा

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



प्रतिवर्षी ह्या व्यासपीठावरून आपण जाणत्या माणसांची व्याख्याने ऐकत आलो आहोत. कोणी ज्ञातीचा पूर्वेतिहास सांगितला, कोणी उद्योगधंद्याच्या नव्या वाटा दाखविल्या, कोणी उच्च शिक्षणाचे महत्त्व विशद केले. यंदा हा मान कार्यकारी मंडळाने मजसारख्या सामान्य शिक्षकास दिला, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि सारा जन्म मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेला. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण ठेवणार नाही, हे मी जाणून आहे. विषयही मी तसाच साधा निवडला आहे. रोजच्या जवळच्या कामांसाठी आपण पायी का चालत नाही आणि सायकल का वापरीत नाही, एवढाच तो विषय.

हा विषय मला कसा सुचला, तेही सांगतो. गेल्या वर्षी ह्याच कार्यालयात संमेलन भरले, तेव्हा स्वागताचे काम माझ्याकडे होते. सकाळी आठ वाजल्यापासून मी फाटकाशी उभा होतो. येणाऱ्या मोटारी आणि स्कूटरी काही वेळ मी मोजल्या व मग तो नाद सोडून दिला. सायकली मात्र मला शेवटपर्यंत मोजता आल्या. त्या दोन होत्या. एक माझी आणि दुसरी मंडपाचे दोर बांधावयास आलेल्या कामगाराची. आलेल्यांपैकी कितीतरी कुटुंबे ह्याच पेठांतून, दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवरून आली होती, हे मला पक्के ठाऊक होते. कारण त्यांची मुले माझ्या वर्गात बसून गेली आहेत. वाहनांची गर्दी इतकी झाली की फाटकाबाहेरचा पदपथ दोन्ही बाजूंनी भरून गेला आणि आपल्याच ज्ञातीतील एक वृद्ध बाई रस्त्यावरून, बसगाड्यांच्या कडेने, अंग चोरीत आत आल्या. त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसविताना माझ्या मनात आले की पुढील वर्षी बोलण्याची संधी मिळाली, तर ह्याच गोष्टीवर बोलावे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. दूरच्या प्रवासाविषयी मी बोलत नाही. कोणी कात्रजहून चाकणला कारखान्यात जात असेल, तर त्याने सायकल घ्यावी, असे सांगण्याचा वेडेपणा मी करणार नाही. माझे बोलणे आहे ते दोन-तीन किलोमीटरांच्या आतल्या कामांविषयी. गिरणीवरून दळण आणणे, मंडईतून भाजी आणणे, मुलाला शाळेत पोहोचविणे, देवळात जाणे, बँकेत पासबुक भरून आणणे, नातलगाची विचारपूस करून येणे, ही ती कामे. आपल्या शहराची जुनी वस्ती पाहा. शनिवारवाड्यापासून मंडई सुमारे एक किलोमीटर आहे. शनिवारवाड्यापासून सारसबाग अडीच किलोमीटरांच्या आत आहे. आपल्या पूर्वजांनी शहर वसविले, ते माणसाच्या पावलाच्या मापाने वसविले. पावलाचे ते माप अजून तसेच आहे. आपली सवय तेवढी पालटली.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून साऱ्या देशात ओळखले जाई. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक, गिरणीतील कामगार, दूधवाले, सारेच सायकलीवर. त्या काळी सायकलीला पत्र्याचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि दिव्यावाचून किंवा डबलसीट जाणाऱ्यास पोलीस चाकातील हवा सोडून देई, असे आमचे वडीलधारे हसत हसत सांगत. मी स्वतः सायकल शिकलो ती भाड्याच्या दुकानातील, तासाच्या बोलीने घेतलेल्या सायकलीवर. सीटवर बसून पाय टेकत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून तिरप्या अंगाने चालवावयाची. गुडघे फुटत, दुकानदार ओरडे. पण ज्या दिवशी मागे धरणाऱ्याने हात सोडला आणि ते आपल्याला कळलेच नाही, त्या दिवसाचा आनंद आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

पुढे काळ पालटला. १९७२ साली लुना आली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे दिवस होते, तेही गेले. १९९१ नंतर वाहने मुबलक झाली आणि हप्त्याने मिळू लागली. शहर दूरवर पसरले, अंतरे वाढली, आणि ज्यांना दूर जावे लागते त्यांच्यासाठी वाहन हा मोठाच आधार झाला. ते मी नाकारीत नाही. परंतु दूरसाठी घेतलेले वाहन आपण जवळसाठीही वापरू लागलो. २०१८ साली वर्तमानपत्रांत बातमी आली की पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या शहरातील माणसांहून अधिक झाली आहे. अंगणात वाहन उभे आहे, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणावयासही तेच काढावयाचे, अशी आपली रीत पडली.

आता मी मास्तर असल्यामुळे थोडे गणित केल्यावाचून मला राहवत नाही. मनुष्य सहज चालीने तासाला पाच किलोमीटर चालतो. म्हणजे एक किलोमीटरला बारा मिनिटे. साधी सायकल सावकाश चालविली तरी तासाला बारा किलोमीटर जाते. म्हणजे दोन किलोमीटरला दहा मिनिटे. गर्दीच्या रस्त्यात स्कूटर तासाला वीस किलोमीटरने गेली, असे धरू. तिला दोन किलोमीटरला सहा मिनिटे लागतील. वाचली किती? चार मिनिटे. त्यांतून वाहन बाहेर काढणे, सिग्नलला थांबणे आणि पोहोचल्यावर उभे करण्यास जागा शोधणे ह्यांची मिनिटे वजा करा. हाती काय उरते, ते आपणच पाहा.

खर्चाचेही तसेच. २०२१ साली पुण्यात पेट्रोलने लिटरला १०० रुपयांचा आकडा ओलांडला. हिशेबापुरता तोच भाव धरू. जवळच्या कामांसाठी दिवसाला सहा किलोमीटर वाहन फिरले, तर महिन्याचे १८० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर धरले, तरी महिन्याला चार लिटर, म्हणजे ४०० रुपये, आणि वर्षाला ४,८०० रुपये. प्रत्यक्षात खर्च ह्याहून अधिक होतो. कारण थंड इंजीन पहिल्या एक-दोन किलोमीटरांत तेल जास्त खाते आणि धूरही जास्त सोडते. म्हणजे जवळची फेरी ही किलोमीटरच्या हिशेबाने सर्वांत महाग फेरी ठरते. वर्षाच्या ह्या पैशांत एका मुलाची वह्या-पुस्तके येतात.

पैशाहून मोठी गोष्ट शरीराची. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या वैद्यक संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत एक ड्रायव्हर असे व एक कंडक्टर असे. दोघे एकाच गाडीत, साधारण एकाच थरातून आलेले. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे देणारा. असे आढळले की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, उशिरा होतो आणि झाला तरी तितका घातक ठरत नाही. टपालखात्यातही तोच प्रकार दिसला. पायी किंवा सायकलीने पत्रे वाटणारे पोस्टमन हे खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांपेक्षा सुदृढ निघाले. लक्षात घ्या, त्यांतील कोणीही व्यायामशाळेत जात नव्हता. ते केवळ आपले काम करीत होते आणि त्या कामात हालचाल होती.

आज आपल्या देशाची स्थिती काय आहे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या ज्ञातीची वेगळी गणना कोणी केलेली नाही. पण पंगतीत श्रीखंडाची वाटी बाजूस सारणारे हात दरवर्षी वाढत आहेत, हे वाढप्यांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. आपण म्हणतो, वेळ कोठे आहे? पुन्हा गणित करू. मुलाची शाळा घरापासून दीड किलोमीटर आहे. जाण्यास १८ मिनिटे, येण्यास १८ मिनिटे, मिळून ३६ मिनिटे. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १८० मिनिटे झाली. ह्यासाठी पहाटे उठून वेगळे फिरावयास जावे लागले नाही, आणि मुलाशी बोलणे झाले ते निराळेच. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतील अनुभव सांगतो: वाटेत बापाशी बोलत आलेले मूल वर्गात येते तेव्हा त्याचे तोंड उघडलेले असते. स्कूटरच्या मागे पाठीला चिकटून आलेले मूल अर्धवट झोपेत असते.

इतके सारे फायदे उघड असता आपण चालत का नाही? माझे नम्र मत असे की कारण अंतराचे नाही, वेळेचेही नाही. कारण प्रतिष्ठेचे आहे. जो पायी येतो त्याची परिस्थिती बेताची, आणि जो सायकलीवर येतो त्याची त्याहून थोडी बरी, पण बेताचीच, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. आपल्या वाडवडिलांनी गावातून येऊन कष्टाने दिवस काढले. त्यांच्या पायांत वहाणा नसत. त्या दिवसांची आठवण नको, म्हणून आपण पायांनाच नको म्हणू लागलो.

ह्या समजुतीपासून मी मुक्त होतो, असे मात्र नाही. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. ती मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही.

माझ्या मुलीला पाहण्यासाठी मंडळी यावयाची होती. स्थळ चांगले होते. आपल्याच ज्ञातीतील सुशिक्षित कुटुंब. सकाळपासून घरात लगबग चालली होती. पाहुण्यांची वेळ झाली तेव्हा माझी दृष्टी दाराशी उभ्या असलेल्या माझ्या सायकलीवर गेली. ती सायकल मी अनेक वर्षे वापरीत होतो. मला वाटले, मुलीचा बाप अजून सायकलीवर फिरतो, हे पहिल्याच भेटीत पाहुण्यांच्या डोळ्यांत येऊ नये. मी ती उचलून घरामागे नेली आणि तिच्यावर जुनी ताडपत्री टाकली. पाहुणे आले, पोहे झाले, बोलणी झाली, मंडळी समाधानाने गेली. रात्री मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “अण्णा, ज्या सायकलीवर पुढे बसवून तुम्ही मला बालवाडीत नेत होता, ती तुम्हांला आज झाकावीशी वाटली?” मला उत्तर देता आले नाही. चाळीस-चाळीस मुलांसमोर श्रमप्रतिष्ठेचे धडे मी शिकविले होते, आणि माझ्या स्वतःच्या दाराशी परीक्षेची वेळ आली तेव्हा मी नापास झालो. विवाह पुढे तेथेच झाला. व्याही मंडळी अतिशय सज्जन निघाली. सायकल पाहून त्यांना काहीही वाटले नसते, हे मला नंतर कळले. म्हणजे ती लाज त्यांच्या मनात नव्हतीच, ती माझ्याच मनात होती.

ह्या ठिकाणी मला महर्षी अण्णासाहेब कर्वे ह्यांची आठवण होते. १८७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, परीक्षेला बसण्यासाठी ते कोकणातील मुरूडहून साताऱ्यास गेले ते पायी. कुंभार्ली घाट चढून सुमारे ११० मैलांची ती वाट होती. इतके चालून पोहोचल्यावर, वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १९०० साली त्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. तेव्हा कॉलेजातील शिकविणे आटोपून हा प्राध्यापक शहरापासून सुमारे चार मैलांवरील हिंगण्यास कच्च्या वाटेने पायी जाई, तेथील विधवांना व मुलींना शिकवी आणि पुन्हा पायी परत येई. १९५८ साली राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले आणि १९६२ साली, वयाची १०४ वर्षे पुरी करून, ते निवर्तले. त्यांची प्रतिष्ठा त्या पायपिटीने रतिभरही कमी झाली नाही. तेव्हा दोन किलोमीटर चालल्याने आपली कशी कमी होईल?

आता मी एका आक्षेपाकडे वळतो. तो खोटा नाही, म्हणून त्याला टाळून मला पुढे जाता येणार नाही. आपण म्हणाल, “गुरुजी, रस्ता चालण्याजोगा तरी आहे का?” खरे आहे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. हे आकडे सरकारचे आहेत. ज्या आईला आपले मूल सायकलीवर पाठविण्याची धास्ती वाटते, तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

परंतु ह्या बाबतीत हॉलंड देशाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. तेथे आज चार फेऱ्यांतील एकाहून अधिक फेरी सायकलीने होते, म्हणून आपल्याला वाटते की तो देश पूर्वीपासूनच तसा असेल. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या, आणि १९७१ ह्या एका वर्षात त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा तेथील आई-बाप रस्त्यावर उतरले. मुलांची ही हत्या थांबवा, अशी हाक त्यांनी दिली. १९७३ साली तेलाची टंचाई झाली आणि सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या. रिकाम्या रस्त्यांवर माणसे चालली, मुले खेळली, आणि रस्ता वेगळाही असू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तेथून पुढे वर्षानुवर्षे मागणी करून, नगरपालिकांच्या मागे लागून, त्यांनी सायकलींचे निराळे मार्ग करून घेतले.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असेही नाही. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण मान्य केले आणि २०१७ साली सायकलींचा सर्वसमावेशक आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली शहरात आल्या होत्या. त्या काही काळाने नाहीशा झाल्या. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. कागदावर पुष्कळ आहे. रस्त्यावर ते तुटक तुटक दिसते. कोठे सायकलमार्ग एकाएकी विजेच्या खांबाशी संपतो, तर कोठे त्यावर हातगाडी उभी असते. हे सुधारावयाचे तर वापरणारे हवेत. रिकाम्या मार्गासाठी कोणता नगरसेवक भांडेल? आणि मार्ग नाही म्हणून कोणी वापरीत नाही, वापरीत नाही म्हणून मार्ग होत नाही, हे चक्र कोणीतरी कोठूनतरी तोडले पाहिजे.

शिवाय, गेल्या वर्षी आपल्या फाटकाबाहेरचा पदपथ कोणी अडविला होता? महापालिकेने नव्हे, हातगाडीवाल्यांनीही नव्हे. तो आपण अडविला होता. ज्या वृद्ध बाईंना रस्त्यावर उतरावे लागले, त्या आपल्या होत्या, आणि ज्यांनी त्यांना उतरविले तेही आपलेच होते. सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी निदान एवढे आपल्या हातातले आहे.

भगिनींनो, आपल्याविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे बोलतो. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देऊ लागले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींच्या प्रमाणात सुमारे ३२ टक्क्यांनी वाढ झाल्याचे दिसले. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो खेडवळ स्त्रिया सायकल शिकल्या. प्रारंभी लोकांनी त्यांना नावे ठेवली. पण बाजाराला, विहिरीला आणि दवाखान्याला जाण्यासाठी घरातील पुरुषाची वाट पाहणे संपले, हा लाभ त्यांनी सोडला नाही. आपल्या घरांतही मुलगी दहावीपर्यंत सायकल चालविते. पुढे ती सायकल गच्चीवर गंजत पडते, आणि सून म्हणून आलेल्या मुलीने सायकलीवर भाजी आणली, तर घरातील वडीलधाऱ्यांना ते चमत्कारिक वाटते. सासू-सासऱ्यांनो, आपण जर एकदा म्हणालात, “सूनबाई, सायकल घेऊन जा, लवकर होईल,” तर माझ्या दहा व्याख्यानांनी होणार नाही एवढे काम होईल.

प्रारंभ कसा करावा, ह्याविषयी थोडे सांगतो. गच्चीवरची जुनी सायकल प्रथम दुकानात न्या. चेनला तेल, दोन्ही ब्रेक, चाकांत भरपूर हवा आणि पुढे-मागे दिवा, एवढे झाले की ती चालू लागते. सीट अशी ठेवावी की पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि मनुष्य सायकलीला दोष देतो. मोठा रस्ता टाळून गल्लीबोळांची वाट शोधावी. दोन मिनिटे अधिक लागतील, पण जीव निर्धास्त राहील. पहिल्या महिन्यात एकच काम ठरवावे, उदाहरणार्थ मंडईचे, आणि तेवढेच नेमाने करावे. ज्यांना हृदयविकार आहे, गुडघ्यांचा विकार आहे किंवा तोल जातो, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्यांच्यासाठी रिक्षा आणि मोटार आहेच, आणि त्यांना ती वापरण्यास अधिक मोकळा रस्ता मिळावा, हेही आपल्या चालण्याचे एक फळ आहे.

अखेरीस कार्यकारी मंडळापुढे मी चार विनंत्या ठेवतो. पहिली अशी की पुढील संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत जवळच्या बसथांब्यापासूनची पायवाट छापावी, अंगणात सायकली लावण्यासाठी सावलीची जागा राखावी आणि पदपथावर एकही वाहन उभे राहू नये म्हणून स्वयंसेवक नेमावेत. दुसरी अशी की गुणवंत विद्यार्थ्यांना आपण जी चांदीची भांडी देतो, ती कपाटात जातात. त्यांऐवजी ज्यांना गरज आहे त्यांना सायकल द्यावी. कुटुंबांच्या गच्चीवर पडलेल्या सायकली गोळा करून दुरुस्त केल्या, तर वसतिगृहातील मुलांचीही सोय होईल. तिसरी विनंती मुलांची. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात १९९८ साली मुलांना रांगेने पायी शाळेत नेण्याची प्रथा सुरू झाली. पुढे एक मोठा मनुष्य, मागे एक, आणि वाटेत घराघरांतून मुले मिळत जातात. आपल्याला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या ह्याच शहरातून जातात आणि वाटेतील गावे दिंडीला मिळत जातात. तशी शाळेची एक दिंडी आपल्या पेठेत निघू शकेल. आम्ही निवृत्त मंडळी रिकामीच आहोत. पहिल्या महिन्यात पुढे चालण्याचे काम मी पत्करतो.

चौथी विनंती सर्वांत लहान आहे, पण मला सर्वांत जवळची आहे. आपल्या वधू-वर सूचक विभागाच्या अर्जात शिक्षण, नोकरी, घर ह्यांच्या खाली एक रकाना आहे: ‘स्वतःचे वाहन’. तो रकाना काढून टाकावा. त्या एका ओळीने आपण आपल्या मुलांना दरवर्षी शिकवितो की चाकावरून माणसाची किंमत करावी. मला सायकलीवर ताडपत्री टाकावयास लावणारी गोष्ट तीच होती. ती लाज माझ्या मनात कोणी छापली, असे मी स्वतःला विचारतो, तेव्हा असे रकाने मला दिसतात.

बंधुभगिनींनो, चालणारा मनुष्य हळू जातो, म्हणून त्याला वाटेत शेजारी भेटतात. कोण आजारी आहे, कोणाच्या घराला कुलूप आहे, कोणाचा मुलगा परीक्षेत नापास होऊन घरात बसला आहे, हे त्याला कळते. ज्ञातिसंस्था आपण काढली ती एकमेकांची खबर घेण्यासाठीच. वर्षातून एकदा सभागृहात भेटून जी खबर मिळते, तिच्याहून अधिक ती मंडईच्या वाटेवर मिळते; आणि त्या वाटेवर आपल्या ज्ञातीबाहेरचे शेजारीही भेटतात, तेही आपलेच आहेत.

माझी सायकल आज फाटकाशी उजव्या हाताला, उघड्यावर उभी आहे. सभा संपल्यावर ज्यांना तिच्या सीटची उंची पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी.